बेलचं गाणं

उस्ताद कुणालाच नावानं हाक मारत नसत. ते बेल वाजवत. नांदेडच्या जुन्या बाजारातून त्यांनी भंगारात निघालेल्या एस.टी.ची बेल आणली होती, कंडक्टर दोरी ओढून वाजवतो ती. दोरीसकट ती माइकच्या स्टँडला बांधलेली असायची आणि आमचा अख्खा ऑर्केस्ट्रा त्या बेलवर चालायचा. सिंगल बेल वाजली की थांबायचं, डबल बेल वाजली की निघायचं. तालमीतही तेच, स्टेजवरही तेच. टपरीवर चहा प्यायला उतरलो तरी बेल त्यांच्या खांद्याच्या पिशवीत असायचीच. ढोलकीवाल्यानं भज्यांची दुसरी प्लेट मागवली की टिंग! बिचारा हात मागे घ्यायचा.

मी लातूरला शाळेत संगीत शिकवते. लग्नसराईत आणि गणपतीत ऑर्केस्ट्रात गायचे, बरीच वर्षं गायले. पहिल्या तालमीला गेले तेव्हा मी आलाप घेत होते, छान रंगात आले होते, आणि मधेच टिंग. मी भडकले. मला राग लवकर येतो, ते आधीच सांगून ठेवते. म्हटलं, "मी काय प्रवासी आहे का, बेल मारायला?" उस्ताद शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचा स्टॉप मागंच गेला. तुमी पुढं कामून चाललात?" सगळे फिदीफिदी हसले. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, माणूस सरकलेला आहे, मी काही परत जायची नाही. पुढच्या रविवारी पुन्हा गेलेच.

साठी ओलांडलेला माणूस. सफारी आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, कारण "स्टेजवरून उडी मारायची वेळ कवा येईल सांगता येत न्हाई." हार्मोनियम, बँजो, ढोलकी, काय म्हणाल ते वाजवायचे, गाणी स्वतः करायचे, गायचेही स्वतः. तरुणपणी त्यांनी नांदेडला एक कॅसेट काढली होती, सगळी गाणी त्यांचीच. त्यातलं पहिलंच गाणं असं काही चाललं की विचारू नका. 'टेसनातलं घड्याळ बंद पडलं गं, तुला बघून.' उदगीरच्या टेसनावर गाडीची वाट बघता बघता एका दुपारी लिहिलेलं. अख्ख्या मराठवाड्यात एक वरात त्याच्याशिवाय निघत नव्हती. कित्येक वर्षांनीही आमची टेम्पो ट्रॅव्हलर गावात शिरली की पोरं काचेवर थापा मारून ओरडायची, "घड्याळ! घड्याळ!" ज्यांचा जन्म त्या कॅसेटनंतर झाला अशी पोरं.

दुसऱ्या कुणाचं असं गाणं गाजलं असतं तर तो त्यावर आयुष्य काढून मोकळा झाला असता. उस्तादांचं वेगळंच. ते म्हणायचे, "हिट गाणं म्हंजे जावई हाय. आला की पुरणाची पोळी घाला, मान करा. पण घर त्याच्या नावावर करू नका."

आणि घर त्यांना द्यायचं होतं दुसऱ्याच एका गाण्याला. कॅसेटच्या बी बाजूचं, अगदी शेवटचं गाणं. आम्ही त्याला बेलचं गाणं म्हणायचो. ही बेल विकत घेतली तीही त्याच्यासाठीच. लातूरच्या स्टँडवर त्यांनी एकदा एक बाई पाहिली होती. लेकीला सासरी धाडायला आलेली. लेक गाडीत बसली, कंडक्टरनं दोरीला हात घातला, आणि ही खालून त्याला हात जोडून म्हणते, भाऊ, जरा थांबा. कशाला थांबा, ते तिला सांगता येईना. उस्ताद तिथं ढोलकी घेऊन दुसऱ्या गाडीची वाट बघत उभे होते. गाणं झालं ते असं:

'डबल बेल मारू नको रे कंडक्टर भाऊ,
पोरीला माझ्या खिडकीतून बघू दे गाव.'

दोन कडवी, आणि शेवटी खरी बेल. टिंग टिंग. गाडी सुटते, गाणं संपतं. मला विचाराल तर चाल फार सुंदर होती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पदर डोळ्याला लावला, खोटं कशाला बोलू? "घड्याळ मी एका दुपारी केलं," ते सांगायचे. "ह्याला वरीस लागलं. आन् तरी बाई, पुरं झालंय असं वाटंना. कुटंतरी कमी हाय."

त्यांची एवढीच इच्छा होती. एकदा, फक्त एकदा, समोरच्या लोकांनी हे गाणं शेवटच्या बेलपर्यंत ऐकावं.

पण ऐकणार कोण? त्या गाण्याचं नशीबच फुटकं. त्या काळी आमच्याकडे कॅसेटी दुकानातून डब करून घ्यायची पद्धत होती. दुकानदार घड्याळ असलेली बाजू उतरवायचा, आणि दुसऱ्या बाजूला? तिथं गिऱ्हाइकाच्या पसंतीची सिनेमाची गाणी भरून द्यायचा. म्हणजे घरोघरी कॅसेट गेली, पण निम्मीच गेली. हे उस्तादांना कळलं ते फार उशिरा. तेव्हापासून त्यांना नाद लागला. नांदेडमध्ये कुठल्या भंगारवाल्याकडे जुन्या कॅसेटींचं पोतं आलं की हे हजर. आपली कॅसेट निघाली की खिशातल्या वॉकमनमध्ये घालायची, उलटी करायची, कानाला लावायचं. आम्ही बाजूला उभे. ते ऐकत राहायचे आणि मग चेहरा पडायचा. "शिनेमाच हाय," म्हणायचे, आणि कॅसेट पोत्यात परत टाकायचे. भंगारवाले त्यांना चहा पाजायचे. वेडाच म्हणायचे, पण पाजायचे.

कार्यक्रमात हे गाणं कुठं बसवायचं, हा त्यांचा कायमचा अभ्यास. सगळ्यात आधी घेतलं, तर लोक अजून खुर्च्या ओढत असायचे. मधे घेतलं की अर्धा मांडव लघवीला उठायचा. आमचा कीबोर्डवाला त्याला 'इंटरवल' म्हणायचा. घड्याळ झाल्यावर घेऊन पाहिलं, तर ऐकायला फक्त मंडपवाला उरला, तोही खुर्च्या गोळा करायला. गावात शिरलं की उस्ताद आधी पायी एक चक्कर मारून यायचे. टपरीवर विचारायचे, इथल्या पोरी कोणत्या गावात देतात, इथल्या बाया जात्यावर काय म्हणायच्या, यंदा सोयाबीनला काय भाव. लोकांना वाटायचं हा मुलगी बघायला आलाय. ते परत येऊन गाण्यांचा क्रम बदलायचे. भाव चांगला असला की लोक खुशीत असतात, तेव्हा बेलचं गाणं लवकर घ्यायचं. भाव पडला असला की आधी दोनदा घड्याळ.

एकदा अहमदपूरकडे त्यांनी कमालच केली. घड्याळची सुरुवात वाजवली, ती टिक टिक, टिक टिक. लोक शिट्ट्या मारत उठले, टॉवेल फिरायला लागले. आणि हा माणूस त्याच तालातून हळूच घसरला बेलच्या गाण्यात! पब्लिकला काय होतंय तेच कळेना. टॉवेल वर धरलेले हात तसेच. मग कळलं, आणि एक चप्पल आली. थेट हार्मोनियमवर. मी म्हटलं, आता पळा. उस्तादांनी चप्पल उचलली, उलटीपालटी करून पाहिली आणि माइकमध्ये म्हणाले, "नवीच हाय की. ज्याची हाय त्यानं दुसरी बी द्यावी, न्हाई तर ही घेऊन जावी. एक पाय घेऊन घरी कसं जाणार?" लोक हसले. चप्पल स्टँडला, बेलच्या शेजारी, अडकवून ठेवली आणि घड्याळ वाजवलं. तोही उठून नाचला म्हणे, एका चपलेनं. पण बेलचं गाणं राहिलं ते राहिलंच.

मी विचारलंही एकदा, "उस्ताद, एवढी गाणी केलीत, ह्यातच काय अडकलाय जीव?" त्यांनी बेलवरची धूळ रुमालानं पुसली. मग म्हणाले, "बाई, ती बाई मला अजून दिसतीय. तिचं म्हणणं मी घेतलंय. ते कुणाला पोचतं केलं न्हाई तर ती तितंच हात जोडून उभी राहील ना."

आता शेवटाकडे येते. देगलूरच्या पुढं, तेलंगणाच्या हद्दीला लागून एक गाव आहे, तिथलं लग्न होतं. दुपारचा मुहूर्त, मंगल कार्यालय, जेवणावळीच्या वेळी आमचा कार्यक्रम. गावाच्या अलीकडे टपरीवर थांबलो होतो. कीबोर्डवाला सकाळपासून गप्प होता, तिथं त्यानं तोंड उघडलं.

"उस्ताद, एक बोलायचं हाय. आजपासून बेलचं गाणं बंद."

टपरीवाल्याचा स्टोव्ह तेवढा फुरफुरत होता.

"मुलीच्या बापाचा फोन आला व्हता. म्हणला, तुमी मधेच काहीतरी रडकं गाणं घेता असं ऐकलंय, ते घेणार असाल तर डीजे सांगतो. मागच्या दोन सुपाऱ्या ह्याच्यापायी गेल्या. तुमी एकटे असता तर ठीक व्हतं. आमची बी घरं हायेत. गाणं ठेवायचं असंल तर ठेवा, मग मी डीजे टाकतो. ही सगळी पोरं बी येऊन राहिली माझ्यासंगं."

मला संताप आला. म्हटलं, "एका गाण्यानं तुझं काय घोडं मारलंय रे? पाच मिनिटं तर लागतात!" तो माझ्याकडे बघून हात जोडून म्हणाला, "बाई, तुमाला शाळेचा पगार हाय." तो खोटं बोलत नव्हता. ढोलकीवाला मान खाली घालून बसला होता. उस्ताद सगळ्यांकडे एकेक करून बघत होते. मग त्यांनी पिशवीतून बेल काढली, दोरी तिच्याभोवती गुंडाळली, पंच्यात बांधली आणि टेम्पोच्या सीटखाली ढकलून दिली.

"बरं," म्हणाले. "चला. अक्षता पडायची वेळ झाली."

मला वाटतं ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

कार्यक्रम झाला. कसला झाला! बेल नाही म्हटल्यावर थांबायचं कधी आणि निघायचं कधी, तेच कुणाला कळेना. कीबोर्डवाला मान हलवून खुणा करत होता, ढोलकीवाल्याला वाटायचं मानेनं ताल धरलाय. घड्याळ एकदा सुरू झालं ते थांबेचना. नाचणारे दमून खाली बसले तरी आम्ही आपले टिक टिक, टिक टिक. शेवटी आचाऱ्यानं येऊन सांगितलं, पंगत उठली. उस्ताद हार्मोनियमवर बसून वाजवायचं तेवढं वाजवत होते, जसं सांगितलंय तसं. मधे एकदा त्यांचा हात स्टँडकडे गेला आणि रिकामा परत आला. मी दुसरीकडे पाहिलं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा पाठवणीची गडबड सुरू झाली. फुलं लावलेली पांढरी गाडी फाटकाशी उभी. आमचं सामान आवरणं चाललं होतं. उस्ताद वायरी गुंडाळत होते. नवरी रडत होती, तिची आई तिच्या ओटीत काहीतरी घालत होती, आणि बायांचा घोळका गाडीभोवती उभा राहिला. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईनं, तिला सगळे अक्का म्हणत होते, कानावर हात ठेवला आणि आवाज लावला.

'डबल बेल मारू नको रे कंडक्टर भाऊ...'

मी थिजले. आधी वाटलं, कीबोर्डवाल्यानंच काही चेष्टा मांडलीय. पण तो वायर हातात धरून तसाच उभा. ढोलकीवाला माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. आणि सगळ्या बाया, पोरीबाळीसुद्धा, एका सुरात पुढचं म्हणतायत, 'पोरीला माझ्या खिडकीतून बघू दे गाव.' तीच चाल! थोडी लांबवलेली, मधेमधे त्यांच्या हेलानं वाकवलेली, पण तीच. दोन्ही कडवी, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

उस्ताद उठून उभे राहिले होते. ओठ हलत होते त्यांचे. दुसरं कडवं संपलं आणि त्यांचा हात आपोआप वर गेला, दोरी ओढायला. गाणं तिथं संपतं ना.

बाया थांबल्याच नाहीत. अक्कानं श्वास घेतला आणि सूर एकदम वर चढवला.

'सिंगल बेल मार आता कंडक्टर भाऊ,
उतरायची पोर माझी, आलं तिचं गाव.'

नवरीनं मान वर केली. रडता रडताच हसली ती, आणि तिच्या आईनं गाडीचं दार लावलं. गाडी निघाली.

उस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला. "सिंगल बेल!" ते माझ्याकडे वळून म्हणाले. "बाई, सिंगल बेल! जलमभर वाजवून राहिलो, आन् ही सुचली न्हाई मला!" डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि माणूस हसतोय. वायरी पायात अडकल्या, त्या तशाच ओढत ते अक्काकडे गेले. मी त्यांच्या मागे.

"अक्का, हे गाणं कुठलं म्हणायचं?"

"आमच्याकडचंच हाय की," अक्का म्हणाली. "जुनं हाय."

"कुणी केलं?"

"गाण्याला कोण करतंय? आमच्या मंडपवाल्याकडं छापील कव्हराची एक टेप व्हती. पोरगी निघाली की तो लावायचा. मग तो बी गेला, टेप बी गेली. मग आमीच म्हणाय लागलो. हिला नांदाया धाडली तवा बी म्हणलो," तिनं शेजारी उभ्या नवरीच्या आईकडे बोट दाखवलं, "आन् आता हिच्या लेकीला."

"आन् ते शेवटचं कडवं? ते टेपवर व्हतं?"

अक्का हसली. "न्हाई. टेपवर पोरगी जायाची, आन् गाणं बंद. लेकी हमसून हमसून रडायच्या, गाडीत बसवेना त्यान्ला. मग आमी म्हणलो, असं कसं? पंचमीला पोरगी येतीय की माघारी. म्हणून आमी तिला आणली." मग ती जरा पुढं वाकून म्हणाली, "ते गाणं करणारा बापई गडी असंल बघा. पोरीला गाडीत बसवलं आन् आपला घरी गेला."

माझा संयम सुटला. मी म्हटलं, "अहो आजी, हे गाणं..." उस्तादांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चांगलाच दाबला.

"हाव अक्का," ते म्हणाले. "बापईच असंल. त्याला काय कळतंय?"

परत निघालो. टेम्पोत बसल्या बसल्या मी त्यांच्यावर घसरले. "सांगितलं का नाही? तुमचं गाणं आहे! आयुष्यभर कॅसेटी उलट्या करत फिरलात, आणि जिथं सापडलं तिथं तोंडाला कुलूप?"

"सांगून काय करू? माझं म्हणलं आसतं तर ते दोन कडव्यांचंच राहिलं आसतं." ते सीटखाली वाकले आणि पंचा सोडायला लागले. "ती बाई गेली बगा घरी. लेक आली तिची."

मी खिडकीची काच सरकवली. बाहेर बघत बसले.

थोड्या वेळानं त्यांनी बेल माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाले, "बाई, ते तिसरं म्हणा बरं." मी म्हटलं. मग त्यांनी म्हटलं. 'आलं तिचं गाव' ला सूर वर जातो, बायांनी तो फार गोड चढवला होता. उस्ताद काही केल्या वर जाईनात. त्यांच्या मूळ चालीत तो खाली उतरायचा, गळ्याला तीच सवय. पुन्हा म्हटलं, पुन्हा खाली. ज्यानं केलं त्यालाच ते येत नव्हतं.

ड्रायव्हरशेजारी बसलेला कीबोर्डवाला मागे वळला. त्याचा चेहरा उतरलेला होता. म्हणाला, "उस्ताद, उद्या अर्धापूरला... बेलचं कितव्या नंबरला घेऊ?"

"आधी मला येऊ तर दे," उस्ताद म्हणाले, आणि डोळे मिटून पुन्हा सुरुवात केली. 'उतरायची पोर माझी...'

पुन्हा खालीच गेले. मी दोरी ओढली. टिंग.

ते गप्प झाले, आज्ञाधारक पोरासारखे. डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना सूर दिला, वरचा, अक्काचा. त्यांनी मान हलवली.

मग मी डबल बेल मारली.